यादीत कऱ्हाड नव्हतं

“मॅडम, माझ्या यादीत कऱ्हाड नाहीच.”

साताऱ्यातलं एक ऑफिस. दुपारचा चहा येऊन गेल्यावरची सुस्त वेळ. नवीन लागलेल्या मुलाने शेजारच्या टेबलाकडे मान वळवली. शेजारच्या बाई तिथे कित्येक वर्षं काम करणाऱ्या. त्यांनी आपल्या स्क्रीनवर तोच फॉर्म उघडला, जिल्हा सातारा निवडला, तालुक्याचा बाण दाबला. “हे काय, पहिलंच तर नाव आहे की!” मुलगा उठून त्यांच्यामागे उभा राहिला, नीट बघितलं, परत आपल्या खुर्चीवर येऊन बाण दाबला. त्याची यादी कोरेगावपासून सुरू होत होती. दोन टेबलांत दीड हाताचं अंतर. सर्व्हर एक, डेटाबेस एक, फॉर्म एक. बाईंच्या यादीत साताऱ्याचे 11 तालुके, त्याच्या यादीत 10. त्याच्या पुढ्यातल्या कागदावर निळ्या शाईत ठसठशीत लिहिलेलं होतं, मु. पो. उंब्रज, ता. कऱ्हाड. “मग ‘इतर’ टाकू का?” “टाक बाबा सध्या. नंतर बघू.” त्याने ‘इतर’ निवडलं आणि सेव्ह केलं.

ते ‘इतर’ डोक्यातून गेलं नाही.

कागदी फॉर्मवर तालुक्यापुढे नुसती टिंबांची रेघ असायची. त्या रेघेवर माणसं मनाला येईल ते लिहीत. कुणी कराड, कुणी कऱ्हाड, कुणी इंग्रजीतून. पुढे युनिकोड, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची एकसारखी पद्धत, आलं आणि बऱ्याच जणांना तो चंद्रकोरीसारखा ‘ऱ्’ कीबोर्डवर सापडेना, तेव्हा मधे आडवी रेघ मारून ‘क-हाड’ लिहायची पद्धत पडली. कित्येक जुन्या फायलींत आणि बातम्यांत ती अजून दिसते. तालुक्यांची यादी फॉर्ममध्ये आली ती हा गोंधळ थांबवायला. सगळ्यांनी एकच नाव निवडायचं म्हणजे वर्षअखेरीला बेरीज जुळते. मात्र रेघेवर माणूस जे हवं ते लिहू शकत होता, यादीत फक्त जे दिसतं तेच निवडू शकतो. यादीतून एखादं नाव गळलं तर त्या गावच्या माणसापुढे जवळचं चुकीचं नाव किंवा ‘इतर’ एवढंच उरतं. फॉर्म विनातक्रार सेव्ह होतो, लाल अक्षरं येत नाहीत, घंटी वाजत नाही. म्हणून या यादीकडे बारकाईने बघायला हवं असं फार वाटतं.

ते ऑफिस चालत होतं नोट्सवर. 1989 साली ‘लोटस नोट्स’ म्हणून बाजारात आलेलं, 1995 पासून आयबीएमकडे आणि 2019 पासून एचसीएलकडे असलेलं हे सॉफ्टवेअर अजून अनेक ऑफिसांत मुकाट्याने काम करतं. त्यात फॉर्मवरच्या यादीचा उगम बहुधा एखाद्या व्ह्यूमध्ये असतो. एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या, माणसाला ‘व्ह्यू’ म्हटलं की साठवलेली क्वेरी आठवते, जी विचारल्या क्षणी ताज्या नोंदी गोळा करते. नोट्समधला व्ह्यू वेगळा. तो आधीच बांधून ठेवलेला इंडेक्स असतो: कोणती डॉक्युमेंटं (म्हणजे नोंदी) घ्यायची, ती कोणत्या क्रमाने लावायची आणि प्रत्येकाच्या कॉलममध्ये काय दाखवायचं हे सगळं शिजवून ठेवलेलं. फॉर्मवरच्या फील्डमधला (रकान्यातला) @डीबीकॉलम हा फॉर्म्युला त्या इंडेक्समधला एक उभा कॉलम उचलतो आणि यादी म्हणून पुढे ठेवतो. म्हणजे मूळ नोंद, व्ह्यूचा इंडेक्स, फॉर्म्युला, कॅश (आठवणीत ठेवलेलं आधीचं उत्तर), समोर बसलेल्या माणसाचे अधिकार आणि शेवटी स्क्रीन, एवढ्या हातांतून नाव पुढे सरकतं. कुठल्याही हातातून ते निसटू शकतं, आणि स्क्रीनवर मात्र प्रत्येक वेळी एकच दिसतं: नाव नाही.

आयटीकडे जाणाऱ्या तक्रारीत बहुतेक वेळा ‘ड्रॉपडाउन चालत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून काहीच कळत नाही. पहिला प्रश्न विचारायचा तो असा: यादी रिकामी आहे, अपुरी आहे, जुनी आहे, की भलतीच आहे? चारही आजार वेगळे आहेत. यादी पूर्ण रिकामी असेल तर फॉर्म्युल्याला व्ह्यू सापडलेला नाही, किंवा एरर आलेली आहे आणि कुणीतरी @इझएरर लावून ती झाकून ठेवली आहे. तालुक्याच्या जागी तारखा किंवा कर्मचाऱ्यांची नावं दिसत असतील, म्हणजे भलतीच यादी, तर कॉलमचा आकडा घसरला आहे. काल भरलेलं नाव आज दिसत नाही, पण परवाची सगळी दिसतात, तर कॅश, इंडेक्स किंवा लॅपटॉपवरची जुनी प्रत. आणि एकाला दिसतं, दुसऱ्याला नाही, ही अपुरी यादी. तिचा संशय थेट अधिकारांवर जायला हवा. प्रत्यक्षात तो तिथे सगळ्यात शेवटी जातो, कारण ज्याने फॉर्म बनवला त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसत असतं.

भलत्या यादीचं आधी आटपून टाकू, कारण त्याचं कारण साधं आहे. @डीबीकॉलमला कॉलमचं नाव देता येत नाही, आकडा द्यावा लागतो. डावीकडून मोजायचं, लपवलेले कॉलमही धरायचे. पण ज्या कॉलममध्ये नुसता ठरलेला मजकूर किंवा ठरलेला आकडा असतो तो मोजायचा नाही. ज्यात फक्त @डॉकनंबर, @डॉकचिल्ड्रन, @इझएक्सपांडेबल असला एखादा फॉर्म्युला असतो तोही धरायचा नाही. म्हणून डोळ्यांना पाचवा दिसणारा कॉलम फॉर्म्युल्यासाठी चौथा असू शकतो. शिवाय यादी जर रोजच्या वापरातल्या व्ह्यूवर टांगलेली असेल, तर कधीतरी कुणीतरी साहेबांच्या सांगण्यावरून मधे ‘शेरा’ नावाचा कॉलम घालतो आणि तिकडे तीन फॉर्म बिघडतात. यादीसाठी वेगळा, लपवलेला व्ह्यू करायचा, नाव कंसात ठेवायचं, म्हणजे वापरणाऱ्यांना तो दिसत नाही. व्ह्यूला उपनाव द्यायचं आणि फॉर्म्युल्यात तेच वापरायचं. यात दोन-तीनच कॉलम असावेत, पहिला सॉर्ट केलेला. व्ह्यूच्या निवड-अटीतच रेप्लिकेशन कॉन्फ्लिक्टची (एकच नोंद दोन प्रतींत वेगवेगळी बदलल्यामुळे तयार झालेली जादा) डॉक्युमेंटं वगळावीत, म्हणजे $कॉन्फ्लिक्ट हे फील्ड नसलेलीच घ्यावीत. नाहीतर एकच तालुका दोनदा दिसतो आणि मग कुणीतरी दुहेरी नावं गाळणारा @युनिक लावून ते लपवतो. मूळ दुहेरी नोंद तशीच राहते.

जुन्या यादीचा आजार जास्त फसवा. @डीबीकॉलम पहिल्यांदा विचारलेलं उत्तर आठवणीत ठेवतो आणि तो डेटाबेस उघडा असेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा देतो. शेजारच्याने दहा मिनिटांपूर्वी नवा पुरवठादार भरला, तरी सकाळपासून डेटाबेस उघडून बसलेल्या माणसाला तो दिसत नाही. तो फॉर्म बंद करतो, पुन्हा उघडतो, तरी नाही. संध्याकाळी घरी जातो, दुसऱ्या दिवशी नाव हजर, आणि ‘आपोआप ठीक झालं’ म्हणून तक्रार बंद होते. उपाय फॉर्म्युल्याच्या पहिल्याच जागी आहे:

@डीबीकॉलम("":"नोकॅश"; "":""; "(शोधपुरवठादार)"; 2)

अर्थात प्रत्यक्षात हे इंग्रजी अक्षरांतच टंकायचं. ‘नोकॅश’ दिलं की दर वेळी सर्व्हरकडे विचारणा होते. ‘रीकॅश’ दिलं की त्या वेळेपुरतं ताजं उत्तर आणून आठवणही ताजी केली जाते. सरसकट सगळ्या फील्डना नोकॅश लावायची घाई करू नये. तालुक्यांची यादी वर्षानुवर्षं बदलत नाही, तिला कॅश राहू द्यावी. रोज वाढणाऱ्या पुरवठादारांच्या यादीला नोकॅश. एका फॉर्मवर असली पंधरा फील्डं असतील आणि प्रत्येक जण सर्व्हरचं दार वाजवत असेल, तर फॉर्म उघडायला इतका वेळ लागतो की लोक पुन्हा कागदाकडे वळतात. फील्डच्या गुणधर्मांत ‘डॉक्युमेंट रिफ्रेश झाल्यावर पर्यायही रिफ्रेश करा’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो, त्यावर टिक केलेली नसेल तर फॉर्म उघडताना मिळालेली यादीच शेवटपर्यंत राहते.

कॅश नसेल तर इंडेक्स बघायचा. व्ह्यूच्या गुणधर्मांत तो केव्हा ताजा व्हावा हे ठरवलेलं असतं. आपोआप, हाताने, किंवा ‘फार तर दर इतक्या तासांनी’. मोठ्या व्ह्यूचा ताण कमी करावा म्हणून कधीकाळी कुणी तासांचा पर्याय निवडलेला असतो आणि पुढे त्याच व्ह्यूवर कुणी यादी बांधलेली असते. सर्व्हरवरचं अपडेट हे काम बदल नोंदल्यावर साधारण 15 मिनिटं थांबून इंडेक्स ताजे करतं, आणि अपडॉल हे रोज रात्री 2 वाजता सगळं पुन्हा तपासतं. म्हणून ‘सकाळी दिसतं, दुपारी भरलेलं दिसत नाही’ असं कुणी म्हणालं की हात आधी तिथे जावा. व्ह्यू उघडून एफ-9 दाबला की तो ताजा होतो. शिफ्टसह दाबला की तो एक व्ह्यू मुळापासून पुन्हा बांधला जातो, आणि कंट्रोल-शिफ्टसह दाबला की डेटाबेसातले सगळेच. हे शेवटचं भर दुपारी मोठ्या डेटाबेसवर करू नये. आणखी एक सवय मोडायला हवी: व्ह्यूच्या निवड-अटीत @टुडे किंवा @नाऊ घालण्याची. ‘आज चालू असलेले करार’ दाखवायला ते सोपं वाटतं, पण वेळ सतत पुढे जात असल्यामुळे तो इंडेक्स कधीच ‘पूर्ण झालो’ असं म्हणू शकत नाही, आणि प्रत्येक उघडणाऱ्याला पुन्हा बांधणीची वाट बघावी लागते. त्यापेक्षा रात्री चालणाऱ्या एजंटने (आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) डॉक्युमेंटावर ‘चालू’ किंवा ‘बंद’ असं लिहून ठेवावं आणि व्ह्यूने ते वाचावं.

लॅपटॉपची गोष्ट फिरतीवरच्या लोकांची. फॉर्म्युल्यात सर्व्हरची जागा रिकामी ठेवून नुसतं फाइलचं नाव दिलं, तर क्लायंट, म्हणजे टेबलावरचं नोट्स, ती फाइल त्या माणसाच्या स्वतःच्या मशीनवर शोधतो. नाही सापडली तर एरर. जुनी प्रत सापडली तर एरर नाही, गेल्या दिवाळीची यादी. दुसऱ्या डेटाबेसमधून यादी घ्यायची असेल तर सर्व्हरचं नावही कुठल्यातरी सेटिंगच्या डॉक्युमेंटातून घ्यावं. फॉर्म ज्या डेटाबेसात आहे तिथलाच व्ह्यू असेल तर दोन्ही जागा रिकाम्या ठेवाव्यात.

सातारच्या त्या मुलाच्या मशीनवर यातलं काहीच नव्हतं. लॅपटॉप नव्हता, स्थानिक प्रत नव्हती, नोट्स बंद करून पुन्हा उघडलं तरी यादी कोरेगावपासूनच.

अशा वेळी त्या माणसाच्या खुर्चीत बसण्याला पर्याय नाही. आपल्या मशीनवरून, आपल्या आयडीने, कितीही वेळा बघितलं तरी आपल्याला आपलीच यादी दिसते. त्याच्या लॉगिनवर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरून डेटाबेस उघडला की कंसातले लपवलेले व्ह्यूही दिसतात. यादीचा व्ह्यू तिथे उघडला, आणि त्यातही साताऱ्याखाली 10 ओळी. म्हणजे फॉर्म निर्दोष, फॉर्म्युला निर्दोष. डॉक्युमेंटच त्याच्यापासून लपलेलं होतं. बाईंच्या मशीनवर कऱ्हाडच्या डॉक्युमेंटाचे गुणधर्म उघडून फील्डांची यादी खाली सरकवत गेल्यावर ‘वाचक’ नावाचं एक फील्ड लागलं, रीडर्स प्रकारचं, आणि त्यात जुन्या कर्मचाऱ्यांचा एक ग्रुप. बाकीच्या 10 तालुक्यांत ते फील्ड रिकामं होतं. वर्षापूर्वी कुणीतरी ‘कराड’चं ‘कऱ्हाड’ करायला ते एकच डॉक्युमेंट उघडलं होतं. दरम्यान फॉर्म बदललेला होता, त्यात वाचकांच्या फील्डला आधीच किंमत (म्हणजे त्या ग्रुपचं नाव) भरलेली यायची, आणि सेव्ह करताना ती चिकटली. ज्याने शुद्धलेखन सुधारलं त्याचा हेतू चांगलाच होता.

रीडर्स फील्डचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. त्यात एकही नाव असलं की त्या यादीतले आणि त्याच डॉक्युमेंटाच्या ऑथर्स (बदल करू शकणाऱ्यांच्या) फील्डमधले लोक सोडून ते डॉक्युमेंट कुणालाच नसतं. ‘उघडता येणार नाही’ असंसुद्धा सांगितलं जात नाही. व्ह्यूमध्ये ओळ नाही, शोधात सापडत नाही, @डीबीकॉलमच्या यादीत नाव नाही. पगाराच्या किंवा चौकशीच्या कागदांना हे मौन हवंच असतं. तालुक्याच्या नावाला ते घातक आहे. सर्व्हर त्या फील्डमध्ये नसेल तर डॉक्युमेंटाची दुसऱ्या सर्व्हरवर प्रत जात नाही, म्हणजे ते रेप्लिकेटही होत नाही, मग कोल्हापूरच्या ऑफिसात ते कुणालाच दिसत नाही आणि तिथे कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही. म्हणून संदर्भाच्या नोंदींवर, म्हणजे जिल्हे, तालुके, खाती, पदं यांवर, रीडर्स फील्ड मुळातच नसावं. बदल कोण करू शकतो हे ऑथर्स फील्डने आणि एसीएलने (डेटाबेसात कुणाला काय करता येईल याच्या यादीने) ठरवता येतं. काही कारणाने वाचकांची यादी ठेवावीच लागली, तर त्यात सर्व्हरचा ग्रुप आणि प्रशासकाची एक भूमिका नेहमी असावी.

वाचक फील्ड रिकामं केलं, व्ह्यू ताजा केला, मुलाने बाण दाबला. कऱ्हाड पहिल्या ओळीत. बाई म्हणाल्या, “बघ, आलं का नाही?”

त्याने कऱ्हाड निवडलं, आणि खालची गावांची यादी रिकामी राहिली.

आता बाईंच्या मशीनवरही तेच. म्हणजे हा आजार जुनाच होता, फक्त कुणी बोललं नव्हतं. कऱ्हाड निवडून गाव हाताने टाइप करायची सगळ्यांना सवय झालेली होती, कारण त्या फील्डला ‘यादीत नसलेली किंमत चालेल’ अशी मोकळीक दिलेली होती. गावांची यादी @डीबीलुकअपने यायची: तालुक्याचं नाव किल्ली म्हणून द्यायचं, व्ह्यूच्या पहिल्या सॉर्ट केलेल्या कॉलममध्ये ते शोधायचं, आणि जुळलेल्या ओळींतली गावं आणायची. किल्ली जुळताना इंग्रजीतलं मोठं-लहान अक्षर चालतं, पण जागा आणि चिन्हं अगदी तीच लागतात. न जुळल्यास नोट्स ‘एंट्री नॉट फाउंड इन इंडेक्स’ असं स्पष्ट सांगतो. इथे तो @इझएररखाली दाबलेला होता, एरर आली तर रिकामं द्या. एररचा खटका काढल्याबरोबर तो मजकूर समोर आला. व्ह्यूमध्ये तर कऱ्हाड दिसत होतं, पुढे उंब्रज, मसूर, ओगलेवाडी. फॉर्मवरही कऱ्हाड. डोळ्यांना दोन्ही शब्द तंतोतंत सारखे.

हे जवळून बघण्यासारखं आहे. मराठीतला तो ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेने ‘ऱ’ हे खाली टिंब असलेलं स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त. दुसऱ्या वाटेने साधा ‘र’, त्याला हलन्त, आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला रुंदीच नसते. पडद्यावर दोन्हींचं ‘कऱ्हाड’ अगदी एकसारखं उमटतं. मशीनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द: पहिल्यात सहा चिन्हं, क, ऱ, हलन्त, ह, काना, ड, दुसऱ्यात सात. एका कीबोर्डवर पहिलं रूप उमटतं, दुसऱ्या कीबोर्डवर दुसरं. गावांची फाइल एकाने एका कीबोर्डवर भरली होती, तालुक्याचं शुद्धलेखन दुसऱ्याने दुसऱ्यावर सुधारलं होतं. हे पकडायला @लेंग्थ पुरतो: दोन्ही बाजूंच्या शब्दांची लांबी मोजायची, 6 आणि 7 आले की चोर सापडला. @ट्रिम इथे काही करत नाही, तो फक्त मोकळ्या जागा काढतो. साठवतानाच एक रूप करून घ्यायला हवं. फील्डच्या इनपुट ट्रान्सलेशनमध्ये (सेव्ह करताना मजकूर बदलणाऱ्या फॉर्म्युल्यात) @रिप्लेससबस्ट्रिंग लावून जोडचिन्हाचं रूप ‘ऱ’च्या रूपात बदलायचं, आणि मग जुन्या डॉक्युमेंटांवर तोच फॉर्म्युला एजंटने चालवायचा. इंग्रजी लिपीच्या जगात ज्यांनी ही साधनं घडवली त्यांना या चिन्हाची गरज पडली नसेल. आपल्याला मात्र ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कऱ्हाड’ लिहिल्याशिवाय एक पान भरत नाही, तेव्हा ही काळजी आपणच घ्यायची.

तपासणीची एक साधी युक्ती इथे कामी येते. यादीच्या फील्डशेजारी तात्पुरतं एक ‘कम्प्युटेड फॉर डिस्प्ले’ (फक्त दाखवण्यापुरतं, साठवलं न जाणारं) फील्ड ठेवायचं आणि त्यात यादीचा तोच फॉर्म्युला, @इझएरर न लावता, लिहायचा. फॉर्म उघडला की किंमती किंवा एररचा मजकूर उघड दिसतो. दुसऱ्या एका फील्डमध्ये @एलिमेंट्सने किती ओळी आल्या ते मोजायचं आणि व्ह्यूतल्या ओळींशी ताडून बघायचं. काम झालं की दोन्ही काढून टाकायची. एरर झाकायचीच असेल तर झाकण्याआधी ती कुठेतरी नोंदवली जाईल एवढं तरी करावं. रिकामी यादी वापरणाऱ्याला काहीच सांगत नाही, आणि तो बिचारा आपलंच काहीतरी चुकलं असं समजतो.

देवनागरीमुळे आणखी एक मर्यादा आपल्याला लवकर गाठते. एका @डीबीकॉलममधून 64 किलोबाइटपेक्षा जास्त मजकूर येत नाही. हिशोब असा: सुरुवातीचे 2 बाइट, प्रत्येक नोंदीमागे 2, आणि मजकुराचे बाइट वेगळे. नोट्सच्या आतल्या साठवणीत इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3, काना-मात्रा-हलन्त धरून. इंग्रजीतलं ‘कोल्हापूर’ 8 अक्षरांत, म्हणजे नोंदीच्या 2 बाइटांसह 10 मध्ये बसतं. देवनागरीतल्या ‘कोल्हापूर’ला 9 चिन्हांचे 27 आणि वरचे 2, असे 29. इंग्रजीत साडेसहा हजार नावं मावतील तिथे मराठीत साधारण सव्वादोन हजार. राज्याच्या 358 तालुक्यांना ती जागा भरपूर होते. गावांची यादी एकदम मागितली तर एरर येते. @युनिक लावून सुटका होत नाही, कारण तो मजकूर हातात आल्यानंतर काम करतो आणि मर्यादा त्याआधीच ओलांडलेली असते. व्ह्यूचा तो कॉलमच कॅटेगराइज केला, म्हणजे गटवार लावला, तर प्रत्येक नाव एकदाच येतं. खरा उपाय म्हणजे मागणीच लहान करणं: आधी जिल्हा, मग त्या जिल्ह्याचे तालुके, मग त्या तालुक्याची गावं.

या उतरंडीत एक जागा निसरडी आहे. माणूस सातारा निवडतो, कऱ्हाड निवडतो, मग लक्षात येतं की गाव सांगलीकडचं आहे, म्हणून जिल्हा बदलतो. तालुक्याच्या फील्डमध्ये कऱ्हाड तसंच राहतं आणि सांगली-कऱ्हाड अशी जोडी सेव्ह होते. जिल्हा बदलला की तालुका आणि गाव रिकामं व्हायला हवं, आणि सेव्ह करताना तालुका त्या जिल्ह्याच्या यादीत आहे का हे @इझमेंबरने पुन्हा बघायला हवं.

मात्र या सगळ्याच्या मुळाशी जाऊन पाहिलं तर चूक एका निर्णयात होती: नावालाच किल्ली केलं होतं. नावं बदलतात. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा होऊन राज्याचा 36वा जिल्हा झाला. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. ज्यांच्या डॉक्युमेंटांत नावच साठवलेलं होतं, त्यांच्या अहवालांत त्या दिवसापासून एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी पडल्या. नोट्समध्ये यासाठी उभ्या रेघेची सोय पहिल्यापासून आहे. व्ह्यूच्या कॉलममध्ये नाव, उभी रेघ, संकेतांक असं लिहिलं की माणसाला नाव दिसतं आणि साठवला जातो संकेतांक. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्ह्यांना, तालुक्यांना, गावांना ठरलेले संकेतांक आहेत. स्वतःचे बनवण्यापेक्षा तेच घ्यावेत. मग शुद्धलेखन सुधारलं, नाव बदललं, तरी जुनी नोंद नव्या नावाने दिसते आणि लुकअपही तुटत नाही. पथ्य एकच: जुना झालेला पर्याय व्ह्यूमधून काढून टाकायचा नाही. काढला तर जुनं डॉक्युमेंट उघडल्यावर नावाऐवजी नुसता आकडा दिसतो. नवीन डॉक्युमेंटाच्या यादीतून तो वगळावा, जुन्यासाठी ठेवावा. @इझन्यूडॉक विचारून दोन वेगळ्या व्ह्यूंकडे बोट दाखवता येतं.

सातारच्या ऑफिसात हे बदल एका आठवड्यात झाले. आधी डेटाबेसच्या प्रतीवर, मग मूळ ठिकाणी. जुनी नावं संकेतांकांत बदलणारा एजंट चालवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागली: ज्याच्या सहीने एजंट चालतो त्याला जी डॉक्युमेंटं दिसत नाहीत, ती एजंटलाही दिसत नाहीत. रीडर्स फील्डवाली तशीच मागे राहतात आणि एजंट मात्र ‘काम झालं’ म्हणतो.

उरली ‘इतर’. त्यांच्यावर एजंट चालवता येत नव्हता, कारण त्यांच्यात दुरुस्त करण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. खरा तालुका फक्त कागदावर होता. जिल्हा सातारा आणि तालुका ‘इतर’ असलेल्या नोंदींचा एक तात्पुरता व्ह्यू केला, भरल्याच्या तारखेने लावलेला. कपाटातून फायली निघाल्या, धुळीचा आणि जुन्या डिंकाचा वास टेबलभर पसरला. बाई कागदावरचं वाचून दाखवत होत्या आणि मुलगा बदलत होता. हाताने टाइप केलेल्या गावांची रूपं एकेक करून समोर येत होती, उंब्रज, उंबरज, एकदा इंग्रजीतून. पाच वाजायच्या सुमारास ती निळ्या शाईतली फाइल आली.

“मु. पो. उंब्रज,” बाई म्हणाल्या.

त्याने ‘इतर’वर क्लिक केलं, कऱ्हाड निवडलं, आणि खालची गावांची यादी उघडली.